वाचकांचे प्रश्न : आठशे किलो अक्रोड आणि एक गोळी

मागच्या अंकात झोपेवर लिहिताना मेलाटोनिनचा मी फक्त जाता जाता उल्लेख केला होता, तर एवढी पत्रं आली की यावेळचं सगळं पान त्यालाच द्यावं लागतंय. बऱ्याच जणांनी एकच फॉरवर्ड जोडलाय. त्यात लिहिलंय की मेलाटोनिन हे व्हिटॅमिन सी आणि ई पेक्षा जबरदस्त अँटिऑक्सिडंट आहे, हार्ट वाचवतं, म्हातारपण थांबवतं, रोज एक गोळी घ्या आणि मस्त राहा. मी पस्तीस वर्षं मेडिकलच्या पोरांना बायोकेमिस्ट्री शिकवली, त्यामुळे बोलता बोलता वाहवत जाईन, सांभाळून घ्या.

प्रश्न : मेलाटोनिन म्हणजे झोपेचं हार्मोन एवढंच ऐकलं होतं. ते अँटिऑक्सिडंट कसं काय? फॉरवर्ड खरा की थाप? (एक वाचक, सांगली)

थाप नाही, पण अर्धवट सांगितलेलं खरं आहे, आणि ते थापेपेक्षा जास्त त्रास देतं.

आधी ऑक्सिडेशन म्हणजे काय ते बघू. शेंगदाण्याचं कूट महिनाभर डब्यात राहिलं की खवट लागतं ना, तेच. कुटातल्या तेलाला हवेतला ऑक्सिजन लागतो आणि ते बिघडतं. आपल्या प्रत्येक पेशीचं आवरण चरबीचंच असतं आणि आपण तर चोवीस तास ऑक्सिजन ओढतोय, मग आपण खवट का होत नाही? तर होतो, थोडे थोडे, पण शरीर सतत आवरत असतं. श्वासातून घेतलेला बहुतेक ऑक्सिजन पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामध्ये, म्हणजे पेशीच्या वीजघरांत, वापरला जाऊन शेवटी त्याचं पाणी होतं, पण थोडासा मधल्या वाटेत निसटतो आणि त्यातून फ्री रॅडिकल तयार होतात, म्हणजे ज्यांच्याकडे एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहिलाय असे रेणू. ते दिसेल त्याचा इलेक्ट्रॉन हिसकावतात, मग ज्याचा गेला तो दुसऱ्याचा हिसकावतो, अशी साखळी सुरू होते. यातल्या आणि यांच्यातून पुढे बनणाऱ्या बऱ्याच त्रासदायक पदार्थांना आवरायला शरीराकडे एन्झाइम आहेत, सुपरऑक्साइडला एसओडी, हायड्रोजन पेरॉक्साइडला कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, पण सगळ्यात खतरनाक जो हायड्रॉक्सिल रॅडिकल त्याच्यासाठी एकही एन्झाइम नाही. तो जन्मतो तिथेच शेजाऱ्याला चावतो, मग तो शेजारी डीएनए का असेना.

१९९३ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला दुन-शियान तान आणि रसेल रायटर या मंडळींनी परीक्षानळीत असे हायड्रॉक्सिल रॅडिकल मुद्दाम तयार केले, त्यात मेलाटोनिन टाकलं, आणि बघितलं तर ते ग्लुटाथायोनपेक्षाही चांगलं पकडत होतं. ग्लुटाथायोन म्हणजे आपल्या पेशीतला घरचा पहारेकरी, त्याच्यापेक्षा चांगलं म्हटल्यावर खळबळ होणारच. पुढे अजून एक मजा कळली. मेलाटोनिन एक रॅडिकल पकडून स्वतः बदलतं, तर त्यातून जो नवीन पदार्थ बनतो तोही रॅडिकल पकडतो, त्यातून जो बनतो तोही. म्हणजे आजोबा, मुलगा, नातू सगळे एकाच कामावर. वर ते पाण्यातही वावरतं आणि चरबीतही, त्यामुळे पेशीच्या आत, आवरणात, मेंदूत कुठेही शिरतं. व्हिटॅमिन सी पाण्यातलं आणि ई चरबीतलं, ही दोघं आपापली हद्द सोडत नाहीत. शिवाय मेलाटोनिन नुसतं स्वतः लढत नाही, वर सांगितलेली एन्झाइम जास्त बनवायचा निरोपही पेशींना देतं.

इथपर्यंत फॉरवर्ड खरा. आता जे लिहिलेलं नाही ते सांगते. मध्यरात्री, मेलाटोनिन अगदी भरात असताना, तरुण माणसाच्या एका मिलिलिटर रक्तात ते असतं साधारण ५० ते १०० पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. दिवसा तर १० च्याही खाली. त्याच रक्तात व्हिटॅमिन सी असतं त्याच्या साधारण लाखपट. आता आषाढीला पंढरपुरात लाखो वारकऱ्यांच्या गर्दीत एकच स्वयंसेवक असेल तर तो कितीही चपळ असू दे, गर्दी तो आवरतोय असं कुणी म्हणेल का? परीक्षानळीत जे प्रयोग झाले त्यातले बहुतेक रक्तातल्या प्रमाणाच्या हजारो पटींनी जास्त मेलाटोनिन घालून झालेत. म्हणून बरेच शास्त्रज्ञ म्हणतात की रक्तातलं मेलाटोनिन थेट रॅडिकल पकडून काही मोठा फरक पाडत असेल हे पटत नाही, निरोप देण्याचं काम मात्र एवढ्याशा प्रमाणातही होऊ शकतं, कारण पेशीवर निरोप घेणारा जो रिसेप्टर असतो त्याला चिमूटभर पुरतं. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, अहो रक्तात काय शोधताय, पित्तात बघा, बीजकोषाच्या द्रवात बघा, मायटोकॉन्ड्रियात बघा, तिथे ते रक्तापेक्षा जास्त असतं आणि तिथेच रॅडिकल बनतात. या दुसऱ्या म्हणण्यात मला दम वाटतो. पण त्याचा अर्थ शरीर स्वतःच्या गरजेपुरतं स्वतःच्या जागी बनवतं असा होतो, तोंडाने गोळी घेतली की ती नेमकी तिथे जाऊन बसते असा होत नाही. गोळीतलं बरंचसं तर लिव्हर पहिल्याच फेरीत मोडून टाकतं आणि जे उरतं तेही तासाभरात अर्ध्यावर येतं.

प्रश्न : मेलाटोनिनने रंग उजळतो का? पार्लरवाली म्हणाली. (कॉलेजची विद्यार्थिनी, नांदेड)

नाही. तुझ्या पार्लरवालीचा मेलानिन आणि मेलाटोनिनमध्ये घोळ झालाय. मेलानिन म्हणजे कातडीचा रंग, त्याचा या हार्मोनशी माणसात काही संबंध नाही. पण गंमत अशी की घोळ अगदीच निराधार नाहीये. १९१७ साली मॅककॉर्ड आणि अ‍ॅलन या दोघांनी गाईच्या पिनिअल ग्रंथीचा (रात्रीचं मेलाटोनिन बनवणारी मेंदूतली छोटी ग्रंथी) अर्क बेडकाच्या पिल्लांना दिला तर ती पिल्लं फिकी पडली. मग येल युनिव्हर्सिटीचे कातडीचे डॉक्टर एरन लर्नर यांना वाटलं, कोडासारख्या आजारांवर यातून काहीतरी औषध सापडेल, म्हणून त्यांनी गाईबैलांच्या ढीगभर पिनिअल ग्रंथी गोळा करून १९५८ साली तो पदार्थ वेगळा काढला आणि नाव ठेवलं मेलाटोनिन. बेडकाच्या कातडीवर चाललं, माणसाच्या कातडीचा रंग ढिम्म हलला नाही. नाव तेवढं राहिलं. तेव्हा क्रीमचे पैसे वाचव.

प्रश्न : वडिलांना हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली. हार्टच्या पेशी वाचवायला मेलाटोनिन द्यावं असं वाचलं. देऊ का? (एक वाचक, नाशिक)

तुमच्या मनाने देऊ नका. पण तुम्ही वाचलंत ते कुठून आलं ते सांगते, कारण कल्पना खरंच सुंदर होती.

अटॅकमध्ये हृदयाची नळी बंद होते, तिच्या पुढचा स्नायू उपाशी पडतो. फुगा घालून नळी उघडली की रक्त धावत येतं, आणि त्याबरोबर ऑक्सिजनही, आणि उपाशी पेशींमध्ये एकदम रॅडिकलचा भडका उडतो. म्हणजे वाचवायला उघडलेली नळीच थोडं नुकसान करते. लॅबमध्ये उंदरांना या भडक्याच्या वेळी मेलाटोनिन दिलं तर स्नायू जास्त वाचत होता, पुन्हा पुन्हा असे रिझल्ट येत होते. मग माणसांवर ट्रायल झाल्या, स्पेनमध्ये एक आणि डेन्मार्कमध्ये एक. अँजिओप्लास्टीच्या वेळी थेट रक्तात आणि हृदयाच्या नळीतसुद्धा मेलाटोनिन सोडलं. २०१७ साली दोन्हींचे रिझल्ट छापून आले. फायदा दिसला नाही. मेलेल्या स्नायूचं प्रमाण कमी झालं नाही.

मला याचं आश्चर्य वाटलं नाही, वाईट वाटलं. अँटिऑक्सिडंटचा इतिहासच असा आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांना वर्षानुवर्षं व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटीन, म्हणजे गाजरातलं अँटिऑक्सिडंट, देऊन बघितलं, लंग कॅन्सर कमी होईल म्हणून. १९९४ मध्ये रिझल्ट आला तर बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये लंग कॅन्सर १८ टक्के जास्त. हे मी वर्गात दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी पोरं गप्प व्हायची. मग २००९ मध्ये जर्मनीतल्या लोकांनी तरुणांना महिनाभर व्यायाम करायला लावला, अर्ध्यांना सोबत व्हिटॅमिन सी आणि ई दिलं. ज्यांना गोळ्या दिल्या नव्हत्या त्यांच्यात इन्सुलिन नीट काम करायला लागलं, गोळ्यावाल्यांमध्ये तो फायदा गायब. कारण व्यायामात जे थोडे रॅडिकल बनतात तेच स्नायूला सांगत असतात की बाबा तयार हो. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारतात त्याही रॅडिकलनेच. तेव्हा रॅडिकल म्हणजे चोर आणि अँटिऑक्सिडंट म्हणजे पोलीस हे मीसुद्धा शिकवायला सोपं म्हणून सांगितलंय, पण तसं सरळ नाहीये ते.

एक गोष्ट मात्र नमूद करायला हवी नाहीतर एकतर्फी होईल. इटलीत २००१ साली रक्तात इन्फेक्शन पसरलेल्या नवजात बाळांना मेलाटोनिन दिलं होतं, आणि त्यांच्या रक्तातल्या ऑक्सिडेशनच्या खुणा खरंच उतरल्या. पण औषध दिलेली बाळं होती फक्त दहा. दहा बाळांवरून आशा ठेवावी, दुकान मांडू नये.

प्रश्न : गोळी नको, पण खाण्यातून मिळतं ना? अक्रोड, दूध वगैरे. (गृहिणी, कोल्हापूर)

मिळतं हो, पण हिशोब करून बघूया, मला हिशोब आवडतो. अक्रोडात मेलाटोनिन मोजलंय, एका ग्रॅमला साधारण ३.५ नॅनोग्रॅम. बाजारातली नेहमीची गोळी ३ मिलिग्रॅमची, म्हणजे ३० लाख नॅनोग्रॅम. भागाकार केला तर एका गोळीएवढं मेलाटोनिन मिळवायला साडेआठशे किलोच्या वर अक्रोड खावे लागतील, आजच्या भावात तर त्याचा विचारही नको. दुधात अक्रोडाहूनही कितीतरी कमी, पेलाभर दुधात जेमतेम काही नॅनोग्रॅम. परदेशात ज्या आंबट चेरीचा एवढा गाजावाजा आहे तिच्यातही ग्रॅमला १३-१४ नॅनोग्रॅमच.

पण याचा अर्थ अक्रोड फालतू असा नाही, आणि गोळी श्रेष्ठ असाही नाही, कारण गोळीतला आकडाच मुळात शरीराच्या हिशोबाने अवाढव्य आहे. शरीर रात्रभरात जेवढं बनवतं ते मिलिग्रॅमच्या काही शतांशात मोजतात. रात्री हळदीचं दूध पिऊन झोप लागते ती गरम दुधाने, सवयीने आणि कुणीतरी प्रेमाने करून दिल्याने लागते, त्यात मेलाटोनिनला श्रेय देऊ नका. शरीर मेलाटोनिन बनवतं ट्रिप्टोफॅन या प्रथिनातल्या घटकापासून, आधी त्याचं सेरोटोनिन (मेंदूतलं एक निरोप देणारं रसायन) होतं मग मेलाटोनिन, आणि ट्रिप्टोफॅन आपल्या डाळ-दूध-दाण्यातून मिळत असतं. कच्चा माल बहुतेकांच्या घरी आहे, कमी पडतोय तो अंधार.

प्रश्न : चाकणला कंपनीत आहे, महिन्यातून दोन आठवडे नाइट शिफ्ट. मेलाटोनिन बनतच नसेल ना माझं? गोळी सुरू करू का? (एक वाचक, पिंपरी)

बनतं, पण दबतं. डोळ्याच्या पडद्यावर काही खास पेशी असतात, त्यांना चित्र बघायचं नसतं, फक्त उजेड किती आहे ते मेंदूला कळवायचं असतं, आणि त्यांना निळसर उजेड सगळ्यात जास्त कळतो. तो उजेड असेपर्यंत पिनिअल ग्रंथी, तांदळाच्या दाण्याएवढी असते ती, गप्प बसते. नुसता घरातला नेहमीचा दिवा घ्या. २०११ मध्ये अमेरिकेत लोकांना झोपायच्या आधी २०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आतल्या साध्या उजेडात बसवलं तर मंद उजेडाच्या तुलनेत मेलाटोनिनची रात्र सुमारे दीड तासाने आखूड झाली. तुमच्या शॉपफ्लोअरवर तर त्याहून जास्त उजेड असेल.

२००७ मध्ये डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने शरीराचं घड्याळ बिघडवणाऱ्या शिफ्टच्या कामाला कॅन्सरचं संभाव्य कारण म्हटलं आणि २०१९ मध्ये रात्रपाळीबद्दल तेच मत कायम ठेवलं. संभाव्य म्हणजे पक्कं नाही, घाबरून नोकरी सोडू नका. यामागे अँटिऑक्सिडंटचा भाग किती हे कोडं अजून सुटायचंय, पण सिएटलच्या मंडळींनी एक भारी गोष्ट दाखवली. ऑक्सिडेशनने डीएनएचा एखादा तुकडा खराब झाला की पेशी तो कापून टाकते आणि तो लघवीतून बाहेर जातो. रात्रपाळीवाल्यांच्या लघवीत हे तुकडे कमी सापडले. कमी म्हणजे बरं असं वाटतं ना? उलट अर्थ निघतो. कचरा कमी झाला म्हणून नाही, कचरागाडीच कमी फिरली म्हणून कमी दिसला असावा, म्हणजे दुरुस्ती मंदावली, आणि त्यांचा संशय मेलाटोनिन कमी पडण्यावर आहे.

तुम्ही काय करायचं? सकाळी सुटल्यावर गॉगल लावून घरी जा (बाइक चालवताना डोळ्यावर झोप असेल तर नाही, बसने जा), खोलीला जाड पडदे लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि घरच्यांना सांगा की दुपारी कुकरच्या शिट्ट्या आणि टीव्ही जरा सांभाळा. दिवसा झोप यावी म्हणून काही जणांना डॉक्टर मेलाटोनिन देतात, ते विचारून बघा, पण ते झोपेसाठी. डीएनए वाचावा म्हणून चालू करू नका.

प्रश्न : वय ७१. मुलगा अमेरिकेतून १० मिलिग्रॅमच्या गमीची (चघळायच्या गोळ्यांची) बाटली घेऊन आला, म्हणाला आई रोज खा, झोप पण येईल आणि अँटिऑक्सिडंट पण आहे. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. (एक वाचक, पुणे)

ताई, बाटली कपाटात ठेवा आणि रक्ताची गोळी देणाऱ्या डॉक्टरांना ती बाटली दाखवा, त्याआधी एकही खाऊ नका. वॉरफरिनसारख्या गोळीबरोबर मेलाटोनिनने रक्त जास्त पातळ होण्याची शक्यता असते. डिप्रेशनवरच्या फ्लुवॉक्सामिनने तर मेलाटोनिन मोडणारं लिव्हरचं एन्झाइमच बंद पडतं, मग छोटा डोसही कितीतरी मोठा होऊन बसतो.

मुलाला रागावू नका, अमेरिकेत हे किराणा सामानासारखं मिळतं. तिथे १९९४ च्या कायद्यामुळे ते फूड सप्लिमेंट म्हणून विकलं जातं, औषधासारखी तपासणी नाही. युरोपात बऱ्याच ठिकाणी ते औषध आहे, २ मिलिग्रॅमची हळूहळू सुटणारी गोळी, ५५ च्या वरच्या निद्रानाशवाल्यांना, चिठ्ठीवर. आणि बाटलीवर १० लिहिलंय म्हणजे आत १० असेल असं धरू नका. २०२३ मध्ये अमेरिकेतल्याच २५ गम्या तपासल्या तर २२ चं लेबल चुकीचं निघालं, एकात तर मेलाटोनिनचा पत्ताच नव्हता आणि दुसऱ्या टोकाला एकात लिहिलेल्याच्या साडेतीन पटीला टेकलेलं. कॅनडात आधी मेलाटोनिनचे ३१ सप्लिमेंट तपासले त्यात आठेकांमध्ये चक्क सेरोटोनिन सापडलं, जे लेबलवर नव्हतंच.

अजून एक, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. मेलाटोनिन चढलेलं असताना पोटात जेवण पडलं की काही लोकांची साखर जास्त वाढते, कारण ते स्वादुपिंडालाही सांगतं की रात्र झाली, आता इन्सुलिन आवर. स्पेनमध्ये २०२२ साली ८४५ लोकांवर बघितलं, झोपायच्या तासभर आधी ग्लुकोजचं पाणी प्यायल्यावर साखर चार तास आधी प्यायल्यापेक्षा जास्त चढली, आणि एक विशिष्ट जीन असलेल्यांना त्रास जास्त. तेव्हा डॉक्टरांनी पुढे कधी गोळी दिलीच तर जेवण आधी उरकून घ्या, सिरीयल संपल्यावर दहा वाजता ताट आणि लगेच गोळी असं नको. वयाबरोबर मेलाटोनिन कमी होतं हे खरं आहे, पण ते भरून काढल्याने म्हातारपण मागे जातं असं कुणी माणसात दाखवलेलं नाही. मी स्वतः अडुसष्टची आहे, पहाटे चारला जाग येते, आणि मी घेत नाही.

प्रश्न : मॅडम, पुस्तकात वाचलं की झाडांमध्ये पण मेलाटोनिन असतं. झाडं झोपतात का? आमच्या शाळेसमोरच्या पर्जन्यवृक्षाची पानं संध्याकाळी मिटतात ती त्यामुळेच का? (इयत्ता नववी, रत्नागिरी)

अरे वा. सगळ्या पत्रांत मला हेच आवडलं, म्हणून शेवटी ठेवलं.

पानं मिटतात ते मेलाटोनिनमुळे नाही. पानाच्या देठाशी एक फुगीर गाठ असते, तिच्यातल्या एका बाजूच्या पेशींमधून पोटॅशियम बाहेर पडतं, मागोमाग पाणी जातं, त्या पेशी सैल पडतात आणि पान मिटतं. चिंचेचं, शिरीषाचं, लाजाळूचं, सगळ्यांचं तसंच. पण झाडांत मेलाटोनिन असतं हे अगदी बरोबर, १९९५ मध्ये ते कळलं. आणि झाडांच्याही आधी समुद्रातल्या एका एकपेशीय जीवात सापडलं होतं, ज्याला ना डोळा ना मेंदू ना अंथरूण. मग त्याला झोपेच्या हार्मोनचं काय काम? इथेच तुझ्या प्रश्नाची खरी मजा आहे. काही शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की मेलाटोनिनचं मूळ काम झोपवणं नव्हतंच. पृथ्वीवर हवेत ऑक्सिजन वाढायला लागला तेव्हा जुन्या जिवांना तो विषासारखा होता, आणि त्याच्या रॅडिकलपासून वाचायला बॅक्टेरियासारख्या जिवांनी जे काही जवळ केलं त्यातलं हे एक. रात्र झाल्याचा निरोप देण्याचं काम त्याला फार उशिरा, प्राण्यांमध्ये मिळालं असणार. झाडांत आजही थंडी पडली, पाणी तुटलं, जास्त अतिनील किरण पडले की मेलाटोनिन वाढतं, आणि तिथे ते जुनंच काम करत असावं असं दिसतं.

शाळेसमोरच्या झाडाची पानं किती वाजता मिटतात आणि ढगाळ दिवशी लवकर मिटतात का, ते महिनाभर वहीत लिहून मला पाठव.